पाणी योजनांचे आराखडे बदलत राहतात. गावाने त्यांची नोंद कशी ठेवावी?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका) यांचा प्रश्न

सर्वांना नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका गावच्या पाणी व स्वच्छता समितीवर आहे. आमच्या परिसराशी संबंध असलेल्या पाणी योजनांची माहिती एका जागी असावी, म्हणून गेल्या पावसाळ्यापासून मी एक वही ठेवते आहे. गोव्याकडे वाहणाऱ्या म्हादई नदीच्या कळसा व भांडुरा या ओढ्यांचे पाणी मलप्रभा नदीत वळवण्याची कळसा-भांडुरा योजना आणि गावातली घरोघर नळाची योजना, असे दोन मुख्य विषय त्यात आहेत. दोन्हींच्या बाबतीत माझी नोंद विश्वास ठेवण्याजोगी राहिलेली नाही, असे आता दिसू लागले आहे.

कळसा-भांडुराच्या पानावर मी प्रथम ७.५६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी) असा आकडा लिहिला होता, कारण जुन्या पत्रकांत तोच होता. पुढे ३.९० वाचनात आले, म्हणून पहिला आकडा पांढऱ्या शाईने झाकून त्यावर नवा लिहिला. मागच्या महिन्यात एका ज्येष्ठ गृहस्थांनी वही चाळली आणि कर्नाटकाला तर १३.४२ टीएमसी मिळाले आहे, असे सांगितले. मला उत्तर देता आले नाही. कोणता आकडा कुठून घेतला आणि कधी लिहिला, यातले काहीच मी टिपून ठेवलेले नव्हते.

नळाच्या पानावरची अडचण वेगळी आहे. नळयोजनेच्या सरकारी संकेतस्थळावर आमच्या गावातील सर्व घरांना नळजोडणी दिल्याचे दिसते. आमच्या आळीतील शेवटच्या घरी जोडणी आहे, सिमेंटचा कट्टाही बांधलेला आहे, परंतु तोटीच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचे घर केले आहे. पाणी येणाऱ्या तोटीत ते घर टिकलेच नसते. आता मी वहीत काय लिहावे, जोडणी आहे की नाही?

आराखडा बदलल्यावर नोंद कशी बदलावी, दोन कागदांत दोन आकडे असतील तर कोणता धरावा आणि बहुतेक कागद कन्नडमध्ये असताना ते मिळवावेत कसे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

जुना पाटबंधारेवाला (बेळगाव) यांचे उत्तर

ताई, तुमची वही चांगली आहे. चूक फक्त पांढऱ्या शाईची झाली. योजनेच्या नोंदीत जुना आकडा कधीही झाकू नये. त्यावर एक सरळ रेघ मारावी, तो वाचता येईल असा ठेवावा आणि खालच्या ओळीत नवा आकडा, त्याची तारीख आणि तो ज्या कागदातून घेतला त्याचे नाव लिहावे.

तुमचे तिन्ही आकडे खरे आहेत. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढेच. ७.५६ टीएमसी ही कर्नाटकाची मागणी होती, कळशासाठी ३.५६ आणि भांडुरासाठी ४. एवढे पाणी वळवण्याची अंतरिम परवानगी राज्याने म्हादई जलविवाद लवादाकडे (राज्यांमधला पाण्याचा वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) मागितली आणि जुलै २०१६ मध्ये ती नाकारली गेली. १३.४२ हा त्याच लवादाने १४ ऑगस्ट २०१८ रोजी दिलेल्या निवाड्यातील कर्नाटकाचा एकूण वाटा आहे. त्यातील ८.०२ टीएमसी जलविद्युतनिर्मितीसाठी आहे, १.५० म्हादईच्या खोऱ्यातच वापरायचे आहे आणि मलप्रभेकडे वळवायचे पाणी उरते ते ३.९०, म्हणजे कळशाचे १.७२ आणि भांडुराचे २.१८. मलप्रभेत नवे पाणी किती येणार, एवढाच तुमच्या वहीचा प्रश्न असेल, तर ३.९० हाच आकडा धरावा. मात्र ७.५६ ची ओळ राहू द्यावी, कारण अजूनही भाषणांत आणि फलकांवर तो आकडा येतो, आणि तो आला की मागणी व मंजुरी यांतला फरक तुम्हाला वही उघडून दाखवता येईल.

दुसरी गोष्ट तारखांची. एका निर्णयाला एकच तारीख असते असे समजू नका. म्हादईचा निवाडा २०१८ चा असला, तरी तो केंद्र सरकारच्या राजपत्रात आला २७ फेब्रुवारी २०२० रोजी, आणि आंतरराज्य जलविवाद कायद्याप्रमाणे निवाड्याला बळ येते ते राजपत्रातील प्रसिद्धीनंतर. याच्या उलट उदाहरण आपल्या कृष्णेचे आहे. दुसऱ्या कृष्णा लवादाने डिसेंबर २०१० मध्ये निवाडा दिला, परंतु सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशामुळे तो राजपत्रात प्रसिद्ध होऊ शकला नाही. म्हणून निर्णयाची तारीख, अंमलाची तारीख आणि जागेवर काम दिसल्याची तारीख असे तीन रकाने आखा. तिसरा रकाना बऱ्याचदा रिकामा राहील, आणि तो रिकामा दिसणे हीच त्या पानावरची सर्वांत उपयोगाची माहिती असेल.

तिसरे असे की, नाव तेच राहते आणि आत योजना बदलते. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीला ज्यांनी या योजनेसाठी खोदलेला कालवा पाहिला आहे, त्यांच्या डोळ्यांसमोर कळसा म्हटले की अजून तोच कालवा येतो. परंतु केंद्रीय जल आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये मान्य केला तो सुधारित प्रकल्प अहवाल आहे. त्यात वनजमीन कमी लागावी म्हणून रचना बदललेली आहे आणि पाणीही निवाड्यातल्या वाट्याइतकेच धरलेले आहे. जुन्या अहवालातील जमिनीचे आकडे नव्या अहवालाच्या नावाखाली लिहिले, तर भीमगडच्या जंगलालगतच्या गावांना विनाकारण चुकीची माहिती जाईल. शिवाय जल आयोगाची मान्यता निराळी आणि वन व वन्यजीव विभागाची परवानगी निराळी. दोन्हींसाठी स्वतंत्र ओळी ठेवा. ‘मंजूर’ एवढाच शब्द कुठेही लिहू नका.

मी नोकरीत असतानाचा एक प्रसंग सांगतो. नकाशाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते, तिच्यात सुधारणेचा क्रमांक आणि तारीख लिहिलेली असते. एका कामावर सुधारित नकाशा आला, पण जुन्या प्रतीवर कोणी ‘रद्द’ असे लिहिले नाही. मुकादमाने जुनी प्रत उघडली आणि दोन दिवस माणसे चुकीच्या रेषेवर चर खणत राहिली. चर बुजवताना त्या माणसांचे चेहरे मी पाहिले आहेत. तेव्हापासून कोणताही नकाशा हाती आला की मी आधी तो कोपरा पाहतो. तुम्हीही तशीच सवय लावून घ्यावी.

आणि एकक एकच ठेवा. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. कुठे दशलक्ष घनमीटर दिसले, तर एका टीएमसीला २८.३२ दशलक्ष घनमीटर असा हिशेब करून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत.

पाणीसमिती (बेळगाव तालुका) यांचे उत्तर

वरील काकांचे म्हणणे मोठ्या प्रकल्पांना लागू पडते. गावच्या नळयोजनेसाठी मात्र इतके रकाने कोणी भरत नाही, हे मी तीन वर्षांच्या अनुभवावरून सांगते. आमच्या वहीत प्रत्येक घराला एकच ओळ आहे: जोडणी आहे का, पाणी येते का, किती येते. एवढेच, पण ते दर महिन्याला भरले जाते.

ताई, तुमच्या प्रश्नाचे उत्तर असे की ‘जोडणी आहे, पाणी नाही’ हे दोन्ही लिहावे. जलजीवन मिशनमध्ये, म्हणजे आपल्याकडे ज्याला मनेमनेगे गंगे म्हणतात त्या योजनेत, माणशी दररोज ५५ लिटर पाणी मिळाले पाहिजे असे ठरलेले आहे. नुसती तोटी बसवून ती अट पूर्ण होत नाही. संकेतस्थळावर गाव ‘हर घर जल’ दिसत असेल, तर पुढचा शब्द नीट वाचा. खात्याने कळवलेले गाव आणि ग्रामसभेने ठराव करून प्रमाणित केलेले गाव, असे दोन निरनिराळे टप्पे आहेत. तुमच्या ग्रामसभेचा ठराव अद्याप झाला नसेल, तर त्याआधीच ही वही सभेपुढे ठेवा. ठराव झाल्यानंतर तक्रार सांगणे फार कठीण जाते.

मोजणी अशी करावी. वीस लिटरची बादली आणि मोबाइलमधले घड्याळ घेऊन आम्ही आळीतल्या पहिल्या आणि शेवटच्या घरी एकाच दिवशी जातो. आमच्या एका आळीत पहिल्या घरी बादली सव्वा मिनिटात भरली, शेवटच्या घरी चार मिनिटे लागली. पाणी चाळीस मिनिटेच सोडतात, म्हणजे शेवटच्या घराला फार तर २०० लिटर मिळाले. घरात पाच माणसे, त्यांना हवे २७५. हा हिशेब फळ्यावर मांडला तेव्हा पंचायतीतही कोणी वाद घातला नाही, आणि वॉटरमनने त्या आठवड्यातच व्हॉल्व्ह फिरवण्याचा क्रम बदलला. मोजणी चैत्र-वैशाखातही करा. श्रावणातली बादली पाहून पाणी पुरते की नाही हे ठरवता येत नाही.

दूधगंगाकाठ (निपाणी तालुका) यांचे उत्तर

आमच्याकडचा एक मुद्दा जोडतो, कारण सीमाभागातल्या वहीला तो टाळता येणार नाही. कारदगा, सदलगा या बाजूला दूधगंगेचे जे पाणी येते, ते महाराष्ट्रातील काळम्मावाडी धरणातून सुटते. प्रकल्प दोन राज्यांचा आहे, कर्नाटकाचा त्यात वाटा आहे, परंतु धरणाचे दार तिकडे आहे. त्यामुळे फक्त बेळगाव जिल्ह्यातले कागद पाहणाऱ्याला अर्धेच चित्र दिसते. इचलकरंजी शहरासाठी सुळकूडहून दूधगंगेचे पाणी नेण्याची योजना पुढे आली तेव्हा कागलकडच्या शेतकऱ्यांनी विरोध केला आणि इकडच्या काठावरही काळजी पसरली. आमच्या गावात मात्र त्या योजनेचा मूळ कागद कोणी वाचलेला नव्हता, सगळी चर्चा ऐकीव माहितीवर चालली होती. तो कागद मराठीत होता, आमच्याच भाषेत होता, तरी आम्ही तो शोधला नाही, याचे मला वाईट वाटते.

तेव्हापासून आम्ही वहीच्या डाव्या पानावर कर्नाटकातील निर्णय आणि उजव्या पानावर महाराष्ट्रातील शासन निर्णय, दोन्ही तारखेच्या क्रमाने लिहितो. उन्हाळ्यात कृष्णा आटली की अथणी, चिकोडीकडच्या गावांसाठी कोयनेचे पाणी सोडावे अशी मागणी महाराष्ट्राकडे जाते, तीही उजव्या पानावर येते. मागणी केव्हा केली आणि पाणी पात्रात प्रत्यक्ष केव्हा दिसले, हे दोन दिवस लिहून ठेवले की पुढच्या वर्षी ऊस कधी तोडावा आणि भाजीपाला लावावा की नाही, याचा अंदाज करता येतो.

कागदपत्र (खानापूर) यांचे उत्तर

कागद मिळवण्याविषयी लिहितो. माहिती अधिकाराचा अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत द्यावा, असे कायद्यात आहे. मराठीत दिलेला अर्ज परत येतो आणि महिना वाया जातो, म्हणून तो कन्नडमध्येच लिहून घ्यावा. ते जमत नसेल, तर हिंदीत लिहिण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे. तक्रारीचे निवेदन ही गोष्ट निराळी आहे. राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे ते राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही देता येते. हा फरक माहीत नसल्यामुळे आपली बरीच माणसे हताश होऊन घरी बसतात.

कर्नाटकाच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क दहा रुपये. म्हणून ‘योजनेची सर्व माहिती द्यावी’ असे लिहू नका. मूळ अंदाजपत्रकाची तारीख व रक्कम, सुधारित अंदाजपत्रकाची तारीख व रक्कम, कार्यादेशाची प्रत आणि मोजमाप पुस्तिकेतील शेवटची नोंद, एवढेच मागा. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पहिले अपील करावे. प्रत मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा कार्यालयात बसून फाइल आणि जागेवर जाऊन काम पाहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, आणि माझ्या अनुभवात तो अधिक उपयोगी पडतो, कारण फाइलमध्ये जुना व नवा आराखडा एकापाठोपाठ लावलेला असतो.

कन्नड शब्द वहीत तसेच देवनागरीत लिहून ठेवावेत आणि शेजारी मराठी अर्थ द्यावा. कार्यालयातला माणूस फाइल शोधतो ती कन्नड नावाने. आपण भाषांतर केलेले नाव सांगितले, तर ती त्याला सापडत नाही.

मलप्रभाकाठ यांचे पुन्हा

आपणा सर्वांची मी आभारी आहे. पांढऱ्या शाईचे पान फाडले नाही. खिडकीच्या उजेडात धरल्यावर मागचा ७.५६ पुसट दिसतो, त्याची तारीख आठवणीने ठरवण्याऐवजी ‘तारीख नोंदलेली नाही’ असे समासात लिहिले आहे. पुढच्या पानावर तीन तारखांचे रकाने आखून १४ ऑगस्ट २०१८ आणि २७ फेब्रुवारी २०२० या दोन ओळी भरल्या.

आमच्या ग्रामसभेचा प्रमाणपत्राचा ठराव अजून व्हायचा आहे, याची पंचायतीत जाऊन खात्री करून घेतली. शेवटच्या घरच्या आजींना तोटी साफ करून देते म्हटले, तर सभेच्या आधी पंचांनी ती पाहावी, तोवर हात लावू नये, असे त्यांनीच सांगितले. बादलीची मोजणी रविवारी सकाळी पाणी सोडण्याच्या वेळी करणार आहोत, समितीतील आणखी दोघी सोबत येतील.

माहिती अधिकाराच्या अर्जाचा कन्नड मसुदा भाच्याकडून लिहून घेते आहे. तो इथे देवनागरीत उतरवून टाकीन. ‘कागदपत्र’ दादांनी शब्दसंख्या आणि मागण्या एकदा तपासून द्याव्यात.