उड्डाणपुलावरचा पुतळा आणि परवानगी
अमरावतीच्या राजापेठ उड्डाणपुलावरचा शिवरायांचा पुतळा जानेवारी २०२२ मध्ये हटवणे हा महाराजांचाच अपमान होता, असे काही जण म्हणतात. ती वेदना मलाही झाली, पण माझा राग आहे तो परवानगीशिवाय पुतळा बसवण्याच्या घाईवर, कारण सार्वजनिक रस्त्यांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश तेव्हा लागू होताच.

आमच्या गावाने आपल्या पुतळ्याच्या परवानगीसाठी दोन वर्षे वाट पाहिली. पुतळ्याच्या नमुन्याला मान्यता देणाऱ्या कला संचालनालयाला दाखवायच्या मातीच्या नमुन्यात घोड्याचा पुढचा पाय बेढब झाला होता; शिल्पकाराने ओले फडके बाजूला सारून तो सर्वांसमोर पुन्हा घडवला, आणि सोयाबीन विकून वर्गणी दिलेली म्हातारी माणसे तो पाय मनासारखा होईपर्यंत तिथून हलली नाहीत.