चर्वणाच्या चार स्नायूंपैकी तोंड उघडणारा एकच का?

प्रश्न – दंतवैद्यक, प्रथम वर्ष

नमस्कार. चर्वणाच्या चार मुख्य स्नायूंपैकी मॅसेटर, टेम्पोरालिस आणि मेडियल टेरिगॉइड हे तीन स्नायू खालचा जबडा वर उचलतात, तर तोंड उघडण्याचे काम एकट्या लॅटरल टेरिगॉइडकडे आहे, असे आम्हाला शिकवले गेले. ही विभागणी इतकी एकतर्फी का आहे? शिवाय चावताना गाल सतत काम करत असूनही त्यातील बक्सिनेटर हा स्नायू या गटात का धरत नाहीत? मला नुसते पाठांतर करायचे नसून कारण समजून घ्यायचे आहे.

उत्तर – शरीररचना अध्यापक

दोन्ही कामांना लागणारे बळ मुळातच सारखे नाही. जबडा खाली येताना गुरुत्वाकर्षणाची साथ असते आणि हनुवटीखालचे डायगॅस्ट्रिक, मायलोहायॉइड व जिनिओहायॉइड हे स्नायूही तो खाली ओढतात. याउलट कठीण घास दाढांखाली फोडायचा तर शेकडो न्यूटन बळ लागू शकते. त्यासाठी मॅसेटर गालाच्या हाडाच्या कमानीपासून निघून जबड्याच्या कोनाला बाहेरून, तर मेडियल टेरिगॉइड त्याच कोनाला आतून जोडलेला असतो, आणि दोघे मिळून जबडा झोळीत धरल्यासारखा उचलतात. कानशिलावर पसरलेल्या टेम्पोरालिसचे पुढचे तंतू उभे असल्यामुळे तेही जबडा उचलतात, पण मागचे तंतू जवळजवळ आडवे असल्याने पुढे आलेला जबडा मागे ओढण्याचे काम त्यांच्याकडे येते.

लॅटरल टेरिगॉइडला केवळ ‘उघडणारा स्नायू’ म्हणणे मला अपुरे वाटते. त्याची मूळ ओढ पुढच्या दिशेने आहे. तोंड उघडू लागताना जबड्याच्या सांध्यातील गोलाकार टोक प्रामुख्याने जागच्या जागी फिरते. तोंड आणखी उघडायचे असेल, तर ते टोक सांध्यातील चकतीसह पुढे व खाली घसरावे लागते, आणि ते पुढे आणण्यात या स्नायूच्या खालच्या भागाचा मोठा वाटा असतो. वरचा भाग मात्र तोंड मिटताना अधिक सक्रिय असतो. एकाच बाजूचा लॅटरल टेरिगॉइड आकुंचन पावला, तर हनुवटी विरुद्ध बाजूला सरकते. घास दळला जातो तो या आडव्या हालचालीमुळेच, म्हणून माझ्या मते या स्नायूचे खरे महत्त्व तेथे आहे.

उत्तर – मुखशल्यचिकित्सक

बक्सिनेटरबद्दल लिहितो. हा गट केवळ कामावरून ठरलेला नाही. चारही स्नायू गर्भावस्थेत पहिल्या ग्रसनी कमानीपासून (गर्भाच्या घशाभोवतीच्या कमानीसारख्या उंचवट्यांपैकी पहिल्यापासून) तयार होतात आणि त्यांना ट्रायजेमिनल या चेतेच्या (मज्जातंतूच्या) मँडिब्युलर, म्हणजे खालच्या जबड्याकडे जाणाऱ्या, शाखेकडून आज्ञा मिळतात. बक्सिनेटर दुसऱ्या कमानीतून येतो आणि त्याची चेता फेशियल, म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंची, आहे. तो जबडा हलवत नाही. बाहेर सरकलेला घास पुन्हा दाढांवर लोटतो, आणि आतून तेच काम जीभ करते. फेशियल चेतेचा पक्षाघात झालेल्या रुग्णाची चावण्याची ताकद शाबूत असते, तरीही अन्न गाल आणि दात यांच्यामध्ये साचत राहते. हे उदाहरण लक्षात ठेवल्यास दोन्ही गटांतील फरक वेगळा पाठ करावा लागणार नाही. डायगॅस्ट्रिकचे पुढचे पोट (मांसल भाग) पहिल्या कमानीचे, तर मागचे दुसऱ्या कमानीचे असल्याने त्या एकाच स्नायूला दोन वेगवेगळ्या चेता मिळतात.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मग मँडिब्युलर शाखेची एका बाजूची प्रेरक (स्नायू हलवण्याची) कार्यशक्ती नष्ट झाली, तर तोंड उघडताना हनुवटी निरोगी बाजूला वळेल की बाधित बाजूला?

उत्तर – शरीररचना अध्यापक

बाधित बाजूला. निरोगी बाजूचा लॅटरल टेरिगॉइड आपल्या बाजूचा सांधा पुढे नेतो, दुसरी बाजू मागेच राहते आणि हनुवटी त्या दुर्बळ बाजूकडे झुकते. तपासताना रुग्णाला दात घट्ट आवळायला सांगून दोन्ही गालांवर आणि कानशिलांवर बोटे ठेवावीत. बाधित बाजूचे मॅसेटर आणि टेम्पोरालिस पुरेसे कडक होत नाहीत. दोन्ही टेरिगॉइड खोलवर असल्याने बाहेरून असे चाचपता येत नाहीत, म्हणून त्यांची परीक्षा जबड्याच्या हालचालीवरूनच करावी लागते.