एएमटी गाडी, आंबेनळी घाट आणि लीव्हरवरचा ‘एम’

रानजाई:
नमस्कार. आमच्याकडे एक लिटर पेट्रोल इंजिनाची एएमटी, म्हणजे आपोआप गिअर बदलणारी, हॅचबॅक आहे. पुण्याच्या रहदारीत ती ‘डी’वर टाकायची आणि चालवायची, यापलीकडे त्या लीव्हरशी माझा फारसा संबंध आलेला नाही. पुढच्या महिन्यात महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरून खेडमार्गे दापोलीला जायचा बेत आहे. गाडीत आम्ही चौघे आणि सामान असेल. वडिलांची सारी हयात हाताने गिअर टाकण्यात गेली. आपोआप गिअर बदलणारी गाडी उतारावर ‘सुटते’ आणि मग तिला नुसत्या ब्रेकवर आवरावे लागते, असे त्यांचे ठाम म्हणणे आहे. लीव्हर ‘डी’वरून बाजूला सरकवला की ‘एम’ आणि अधिक-उण्याच्या खुणा दिसतात. तिथे गेल्यावर गिअर खरोखर माझ्या हाती येतात का? चालत्या गाडीत ‘एम’वर जाता येते का? आणि घाईत चुकून पहिला गिअर पडला, तर गिअरबॉक्सचे काय होईल?

अश्वशक्ती:
वडिलांचे निरीक्षण अचूक आहे, आणि त्यावरचा इलाज त्या ‘एम’मध्येच आहे.

एएमटी म्हणजे मुळात हाताने गिअर टाकण्याचाच गिअरबॉक्स. दातेरी चाके तीच, क्लचप्लेटही तीच. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर सरकवण्याचे काम संगणकाच्या हुकमाने चालणारी यंत्रणा करते. मारुतीने 2014 मध्ये सेलेरिओत मॅग्नेटी मरेलीची अशी यंत्रणा बसवली आणि आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत हा प्रकार रुळला. संगणकाला गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे आणि ॲक्सिलरेटरवरचा आपला पाय एवढे कळते. पुढचे वळण त्याला दिसत नाही. उतारावर आपण पाय काढतो, गाडी मात्र वेग घेत राहते, आणि त्यावरून ‘आता जोर नको’ असा अर्थ लावून तो वरचा गिअर टाकतो. इंजिनाची ओढ नेमकी हवी असते त्याच वेळी ती कमी होते. वडील ज्याला ‘सुटणे’ म्हणतात ते हेच.

‘एम’वर गेल्यावर तो अर्थ लावणे थांबवतो आणि आहे तो गिअर धरून ठेवतो. ‘डी’वरून ‘एम’वर चालत्या गाडीत बेलाशक जावे; त्यासाठी थांबावे लागत नाही. मात्र तिथेही आपण गिअर टाकत नाही, तो मागतो. ताशी साठच्या वेगात पहिला मागितला, तर इंजिन मर्यादेबाहेर फिरेल हे ओळखून संगणक ती मागणी फेटाळतो. काही गाड्यांत त्या वेळी बीप वाजते. वेग फार उतरला तर गाडी बंद पडू नये म्हणून तो स्वतःहून खालचा गिअर घेतो, आणि बऱ्याच गाड्यांत फेरे टोकाला गेले की वरचाही टाकतो. तेव्हा तुमच्या तिसऱ्या शंकेची काळजी सोडून द्या. एक मात्र पाळा: खालचा गिअर वळणात शिरण्याआधी, रस्ता सरळ असतानाच घ्या.

घाटमाथा:
वरील विवेचन एएमटीपुरते योग्य आहे. पण ते सर्वच ऑटोमॅटिक गाड्यांना लागू आहे, असा समज होऊ नये. माझी गाडी टॉर्क कन्व्हर्टरची आहे, म्हणजे तिच्यात क्लचप्लेटऐवजी तेलातून जोर पुढे जातो. अशा अनेक नव्या गाड्यांत उतार ओळखण्याची सोय असते. पाय काढून ब्रेक दाबला की गिअरबॉक्स आपणहून एक गिअर पाडतो, त्यामुळे स्टिअरिंगमागच्या, गिअर बदलण्याच्या पॅडलांना मी क्वचितच हात लावतो. सीव्हीटी या तिसऱ्या प्रकारात तर ठरावीक गिअरच नसतात. पट्टा आणि कमी-जास्त रुंद होणाऱ्या पुली असतात, आणि पाचव्या पिढीच्या होंडा सिटीत पॅडलने मिळणारे सात ‘गिअर’ हे संगणकाने आखलेले टप्पे आहेत. तरी उतारावर त्यांचा उपयोग खराच आहे. टोयोटाच्या अनेक हायब्रिड गाड्यांतला ‘बी’ याच कामाचा.

तुमच्या प्रश्नात चढाचा उल्लेख नाही, पण परतीच्या वाटेवर तो येणारच. चौघांचे वजन घेऊन चढताना एएमटी दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये घुटमळते: दुसऱ्यात जोर मिळाला की ती तिसरा टाकते, तिसऱ्यात दम जातो, पुन्हा दुसरा, आणि प्रत्येक बदलाच्या क्षणी ओढ तुटते. एसटीच्या मागे लागलेले असताना हे फार जाचक होते. अशा वेळी ‘एम’वर दुसरा धरून ठेवावा. चढावर वाहने थांबली तर ॲक्सिलरेटर हलकेच दाबून गाडी तोलून धरू नये, कारण तुम्हाला तिसरे पेडल दिसत नसले तरी आत हाफ क्लचच चालू असतो आणि क्लचप्लेट जळते. हँडब्रेक ओढावा आणि निघताना सोडावा.

रानजाई:
दोघांचेही आभार. आणखी दोन शंका आहेत. उतरताना नेमका कोणता गिअर ठेवावा, आणि इंजिनाचा आवाज चढला तर घाबरायचे का? शिवाय शेजारचे एक काका उतारभर गाडी न्यूट्रलवर सोडतात आणि पेट्रोल वाचते असे सांगतात.

अश्वशक्ती:
ज्या गिअरमध्ये तो घाट चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरावा, हा जुन्या ड्रायव्हरांचा ठोकताळा आजही चालतो. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणच्या पातळीला, म्हणजे अधूनमधून सपाटी धरली तरी उतार बराच वेळ पाठ सोडत नाही. प्रतापगडाच्या फाट्याच्या आगेमागे जी तीव्र वळणे आहेत तिथे दुसरा, मोकळ्या तुकड्यांत तिसरा. तीन-साडेतीन हजार फेऱ्यांचा आवाज शहरात कानाला खटकतो. पण इंजिनाला त्याचा त्रास नाही. फेरे दाखवणाऱ्या काट्याखालचा धोक्याचा लाल पट्टा त्याच्या बराच पुढे असतो.

काकांचा हिशेब कार्ब्युरेटरच्या काळातला आहे. हल्लीच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला, की ठरावीक फेऱ्यांपर्यंत इंधनाचा पुरवठाच बंद होतो आणि चाके इंजिनाला फिरवतात. न्यूट्रलवर मात्र इंजिन चालू राहण्यापुरते पेट्रोल लागतेच, आणि इंजिनाची ओढही जाते. म्हणजे पेट्रोलही जास्त जाते आणि सगळा भार ब्रेकवर पडतो. काकांना हे माझ्या नावावर सांगायला हरकत नाही.

कोकणकडा:
चर्चेत ब्रेक ऑइल राहून गेले. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्यामुळे त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट 3 प्रतीच्या ताज्या ऑइलसाठी किमान मर्यादा 205 अंश सेल्सिअस आहे, तर ओलावा शिरलेल्यासाठी 140; डॉट 4 साठी हेच आकडे 230 आणि 155. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवला की पॅड तापतात, ती उष्णता ऑइलपर्यंत पोहोचते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. तुमचे ऑइल दोन वर्षांहून जुने असेल तर निघण्यापूर्वी बदलून घ्या. इंजिन तीन सिलिंडरचे आणि लहान आहे, त्यामुळे दुसऱ्या गिअरमध्येही मधूनमधून ब्रेक लागणारच. तो थोडा वेळ नीट दाबून पूर्ण सोडावा, नुसता पाय टेकवून ठेवू नये. जळका वास आलाच तर रुंद जागा पाहून गाडी बाजूला घ्यावी आणि चाके निवू द्यावीत. त्यांवर पाणी ओतू नये.

पावसात जाणार असाल तर ओल्या वळणावर एकदम पहिला गिअर मागू नये, पुढची चाके सरकू शकतात. आणि निघण्यापूर्वी लीव्हरची दिशा बघून ठेवा. बीएमडब्ल्यू आणि माझदा यांच्या गाड्यांत लीव्हर पुढे ढकलला की खालचा गिअर पडतो, तर इतर कित्येकांत पुढे म्हणजे वरचा. तुमच्या गाडीत अधिकची खूण कोणत्या बाजूला आहे ते पार्किंगमध्येच पाहून घ्या आणि घाटात नेण्याआधी एखाद्या मोकळ्या रस्त्यावर हात बसवून घ्या.