मदत हवी आहे: लिथियम चालू आहे, आईचे हात फार थरथरताहेत. गोळी अर्धी करू का?

काटेपूर्णा (रात्री ७:५०)
आईला बरीच वर्षं लिथियम (मूडच्या आजाराची गोळी) चालू आहे. हात आधीपासून थोडे थरथरायचे, पण चार दिवसांत फारच वाढलंय. कपातला चहा सांडतो. डॉक्टर बाहेरगावी आहेत, सोमवारी येणार. दवाखान्यात फोन केला तर "आल्यावर दाखवा" एवढंच सांगितलं. रक्तातल्या लिथियमची लेव्हल केली होती, ती नॉर्मल आहे. तोपर्यंत गोळी अर्धी केली तर चालेल का, एवढंच सांगा. बाकी काही त्रास नाही. कृपया लवकर.

सदाफुली (७:५८)
हो-नाही सांगण्याआधी हे लिहा: ३०० ची साधी गोळी की ४०० ची एसआर (हळूहळू सुटणारी)? दिवसाला किती, कोणत्या वेळी? आईचं वय? लेव्हलचा आकडा किती आणि तारीख कोणती? शेवटच्या गोळीनंतर किती तासांनी रक्त दिलं? १२ तासांनी दिलेलं असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे. रात्री ९ ला गोळी, सकाळी ९ ला रक्त, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर. शिवाय बीपी, दुखणं, पित्त, सगळ्या गोळ्या लिहा. मेडिकलवाल्याने हातात दिलेल्यासुद्धा.

नीलकंठ (८:०३)
लिथियमने हात थरथरणं अगदी नेहमीचं आहे. प्रोप्रॅनोलॉल (थरथर कमी करणारी, नाडी मंदावणारी गोळी) १० मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ, गरज पडली तर २०. बऱ्याच जणांना दोन-तीन दिवसांत फरक पडतो. चहा-कॉफी बंद करा.

सदाफुली (८:०९)
नीलकंठ, दमा आहे का, नाडी किती, हे न विचारता प्रोप्रॅनोलॉल सुचवू नका. आणि नेहमीची बारीक थरथर चार दिवसांत अशी वाढत नाही. ती का वाढली हे कळायच्या आत झाकून टाकली तर धोक्याची खूणच पुसली जाईल. चहा-कॉफी अचानक तोडणंही चुकीचं. कॅफिनमुळे लिथियम लघवीतून जास्त बाहेर पडतं. रोज चार कप पिणाऱ्याने एकदम बंद केलं तर लेव्हल चढते.

काटेपूर्णा (८:१६)
वय ६४. लिथोसन एसआर ४००, सकाळी एक, रात्री एक. लेव्हल ०.९. बीपीची गोळी आहे, ती सगळ्यांनाच असते. दमा नाही. अर्धी करू का ते सांगा ना.

पारिजात (८:२०)
स्वतःच्या मनाने लिथियम कमी करू नका, बंद तर मुळीच नको. अचानक बंद केलं की आजार उलटायची भीती खूप असते, विशेषतः उन्माद. ०.९ म्हणजे ठीकच आहे. सोमवारपर्यंत थांबा.

सदाफुली (८:२४)
०.९ कोणत्या तारखेचा? बीपीच्या पाकिटावर काय छापलंय ते शब्द न शब्द लिहा.

तुळसवृंदावन (८:२६)
अश्वगंधा चूर्ण अर्धा चमचा कोमट दुधातून रात्री. नसांना बळ मिळतं, थरथर कमी होते. आणि बीपी असेल तर जेवणातलं मीठ पूर्ण बंद करा, पापड-लोणचं तर नकोच.

कौलारू (८:३३)
ताई, इथे मीठ बंद करणं सगळ्यात घातक. लिथियम बाहेर टाकण्याचा रस्ता एकच, मूत्रपिंड. आणि मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांत फारसा भेद करता येत नाही. शरीरात मीठ कमी पडलं की ते सोडियम परत ओढून घेतं, आणि त्याच्यासोबत लिथियमही. मीठ तोडणं, जुलाब, उलट्या, खूप घाम, कडक उपास, सगळ्यांचा शेवट एकच: तीच गोळी, तेवढाच डोस, पण रक्तात लिथियम जास्त. उलट एकदम खूप मीठ वाढवलं तर लेव्हल खाली येते. म्हणून लिथियमवरच्या माणसाचं मीठ आणि पाणी रोज साधारण सारखं हवं. अश्वगंधेचा थायरॉइडवर परिणाम होऊ शकतो आणि लिथियम आधीच थायरॉइड बिघडवतं, तेव्हा तीही नको.

काटेपूर्णा (८:४१)
लेव्हल २३ दिवसांपूर्वीची. रक्त सकाळीच दिलं होतं. बीपीच्या पाकिटावर 'टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५' असं आहे. आधी नुसती टेल्मिसार्टन होती, महिनाभरापूर्वी बदलून दिली. गुडघ्यासाठी एसिक्लोफिनॅक-पॅरासिटामॉल चालू आहे, आठ दिवस झाले. ती साधी गोळी आहे, तिचा काय संबंध?

कौलारू (८:४६)
सगळा संबंध तिचाच आहे. एसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्यांनी मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो आणि लिथियम आत साठतं. हायड्रोक्लोरोथायझाइड ही लघवीची गोळी. ती सोडियम बाहेर काढते, मग मूत्रपिंड पुढे ते वाचवायला बघतं, लिथियमही धरून ठेवतं. एकटीने लेव्हल २५ ते ४० टक्के वाढवते. टेल्मिसार्टन तिसरी. या तिन्ही एकत्र आल्या की लिथियम नसलेल्या माणसाचंही मूत्रपिंड धोक्यात येतं. तुमचा ०.९ दुखण्याची गोळी सुरू होण्याआधीचा आहे. आज तो ०.९ नाही.

सदाफुली (८:४८)
आता अर्ध्या गोळीचा प्रश्न बाजूला ठेवा आणि आईकडे जाऊन बघा:
थरथर हात पुढे ताणल्यावरच आहे की मांडीवर ठेवलेला हातही हलतो?
दहा पावलं चालवा, कोणीतरी दंड धरून. तोल जातो का?
बोलणं जड, शब्द ओढल्यासारखे?
जुलाब, उलटी, मळमळ?
गुंगी, प्रश्नाला उशिरा उत्तर, दंडाचे किंवा मांडीचे स्नायू आपोआप फडफडणं?
पाच मिनिटांत लिहा.

चंद्रभागा (८:५०)
लिथियम आता जुनं झालं हो. १९४९ पासूनचं औषध. डॉक्टरांना सांगून व्हॅलप्रोएट (याच आजाराची दुसरी गोळी) ५०० करून घ्या, रक्त तपासायची कटकट नाही.

पारिजात (८:५५)
व्हॅलप्रोएटनेही हात थरथरतात, आणि त्यालाही यकृत आणि प्लेटलेटच्या तपासण्या लागतात. आत्महत्येचा धोका कमी करण्यात लिथियमइतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्याच मूड स्टॅबिलायझरकडे नाही. जुनं म्हणून ते टाकायचं नसतं.

वकीलकाका (८:५७)
दाखल करावं लागलं तर लक्षात ठेवा, मेंटल हेल्थकेअर कायदा २०१७, कलम २१(४). विमा कंपनीने शारीरिक आजाराला जे संरक्षण दिलं आहे तेच मानसिक आजारालाही द्यायचं आहे. २९ मे २०१८ पासून लागू. 'मानसिक' म्हणून दावा नाकारला तर हेच कलम लिहून द्या.

काटेपूर्णा (९:०२)
हात मांडीवरही हलतोय. चालताना तोल गेला, धरावं लागलं. बोलणं जरा जड वाटतंय. दुपारपासून झोपूनच आहे, आम्हाला वाटलं उन्हामुळे, अकोल्यात ४४ आहे. परवा निर्जळा एकादशी केली, दरवर्षी करते. कालपासून तीनदा पातळ झालं. हे आधी लिहायचं सुचलंच नाही.

सदाफुली (९:०५)
ही लिथियमची विषबाधा आहे असं समजूनच आता निघा. सोमवार नाही, सकाळही नाही. कॅज्युअल्टी आणि आयसीयू चोवीस तास चालू असलेलं आणि डायलिसिसची सोय असलेलं मोठं रुग्णालय गाठा, शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं चालेल. रात्रीची लिथियमची गोळी देऊ नका. एसिक्लोफिनॅक आणि बीपीची ती गोळीही देऊ नका.

पारिजात (९:०७)
पण अचानक बंद करू नये म्हणून मी वर...

सदाफुली (९:०९)
पारिजात, तुमचा नियम बरोबरच आहे, पण तो ठणठणीत असलेल्या माणसाने कंटाळून गोळी सोडण्याबद्दल आहे. विषबाधेची शंका असताना पुढचा डोस थांबवायचाच असतो. पुन्हा कधी, किती सुरू करायचं हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतील.

कौलारू (९:११)
जाताना: तिन्ही गोळ्यांची पाकिटं, जुना लेव्हलचा रिपोर्ट, आणि शेवटची लिथियमची गोळी किती वाजता घेतली ते कागदावर. दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नका, तोल जातोय. रिक्षा किंवा १०८. झोपेत असेल तर तोंडात पाणी ओतू नका, ठसका लागेल. उलटी काढायला लावू नका. दारातच सांगा: "लिथियम एसआर ८०० चालू, आठ दिवस एसिक्लोफिनॅक, थायझाइड, जुलाब, निर्जळी उपास, आता गुंगी आणि तोल जातोय." नुसतं "अशक्तपणा आलाय" म्हणालात तर बाहेर बाकावर बसवून ठेवतील.
तपासण्या: लिथियम, क्रिएटिनिन आणि युरिया (मूत्रपिंडासाठी), सोडियम, पोटॅशियम, ईसीजी. रात्री लिथियमची तपासणी होत नसेल तरी बाकीच्या आणि सलाइन त्यासाठी थांबवू नयेत. आणखी एक, रक्त 'लिथियम हेपॅरिन' असलेल्या हिरव्या झाकणाच्या नळीत घेतलं तर नळीतल्याच लिथियममुळे आकडा खोटा वर येतो. साध्या लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या नळीत घ्यायला सांगा.

नीलकंठ (९:१४)
मी घाई केली. प्रोप्रॅनोलॉल देऊ नका. निघालात की कळवा.

मोगरा (९:३०)
ओलांझापिनने वजन ११ किलो वाढलंय, त्यावर मेटफॉर्मिन चालतं का? याच धाग्यावर विचारते.

कौलारू (९:३२)
मोगराताई, वेगळा धागा काढा, तिथे नक्की लिहितो. हा आज मोकळा राहू दे.

काटेपूर्णा (रात्री १२:४०)
दाखल केलं. लिथियम २.३, क्रिएटिनिन १.७ (गेल्या वर्षी ०.९ होतं), सोडियम १४१. ईसीजी ठीक म्हणाले. सलाइन चालू आहे. हाक मारली की डोळे उघडते. मूत्रपिंडाचे डॉक्टर सकाळी येणार. डायलिसिस लागेल का? आणि पोट का नाही धुतलं?

कौलारू (१२:५२)
बरं झालं वेळेत गेलात. रोजच्याच डोसने साठलेलं लिथियम पोटात नसतं, म्हणून पोट धुऊन उपयोग नाही. कोळशाच्या पावडरीला ते चिकटत नाही, त्यामुळे तीही देत नाहीत. डायलिसिसचं साधारण असं: शुद्ध हरपत चालली, झटका आला किंवा हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडले, तर आकडा कितीही असो, करतात. मूत्रपिंड मंद असताना आकडा ४ च्या वर गेला तरी करतात. २.३ ला आणि डोळे उघडत असताना बहुतेक वेळा सलाइनवर बघतात, पण क्रिएटिनिन वाढलेलं आहे, म्हणून तो निर्णय तिथल्या डॉक्टरांचाच. लिथियम साधारण ६ तासांनी पुन्हा करायला सांगा. एसआर गोळी आतड्यात हळूहळू सुटते, तेव्हा पहिला आकडा सगळ्यात वरचा असेलच असं नाही. आणि रक्तातला आकडा उतरला तरी मेंदूतलं लिथियम मागाहून निघतं. गुंगी आणि थरथर दोन-चार दिवस रेंगाळली तर घाबरू नका.

सदाफुली (१२:५८)
एक विचारा. आईला वर्षानुवर्षं खूप तहान, रात्री तीन-चारदा लघवीला उठणं, असं होतं का? बरीच वर्षं लिथियम घेणाऱ्यांत मूत्रपिंडाची पाणी धरून ठेवायची ताकद कमी होते. तसं असेल तर नुसत्या सलाइनने सोडियम चढत जातं. डॉक्टरांना आत्ताच सांगा, म्हणजे ते सोडियम दर काही तासांनी बघतील.

काटेपूर्णा (१:०६)
हो. उशाशी तांब्या असतोच, आणि रात्री चारदा तरी उठते. आम्ही वयाचं समजत होतो. आत्ता सिस्टरना सांगितलं, त्यांनी डॉक्टरांना फोन लावलाय. घरी नेल्यावर गुडघ्याला काय द्यायचं मग?

सदाफुली (१:१५)
पॅरासिटामॉल ६५०, दिवसाला जास्तीत जास्त चार, आणि शेकणं. जेलसुद्धा विचारूनच. बीपीसाठी ॲम्लोडिपिनसारखी गोळी लिथियमच्या आड येत नाही, ती बदलून मागा. लिथियम पुन्हा सुरू झालं तर डोस बदलल्यावर ५ ते ७ दिवसांनी लेव्हल, तीही १२ तासांची. साठीनंतर बरेच डॉक्टर ती ०.४ ते ०.८ मध्ये ठेवतात. दर सहा महिन्यांनी क्रिएटिनिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी), कॅल्शियम. फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा: लिथियम चालू, दुखण्याची गोळी देण्याआधी विचारा. निर्जळी उपास आता नाही, हे आईशी डॉक्टरांसमोरच बोला, घरी ऐकणार नाहीत.

काटेपूर्णा (पहाटे ५:२०)
लिथियम १.९. सोडियम १४६ झालं म्हणून सलाइन बदललं. लघवी मोजायचं भांडं लावलंय, चार तासांत १३०० मिली. मघाशी स्वतःहून पाणी मागितलं.

कौलारू (५:२६)
शुद्धीत असतील, नीट गिळता येत असेल तर मागतील तितकं पाणी द्या, सिस्टरना विचारून. दर तासाचा आकडा लिहीत राहा.