डिस्कॉर्डवर नवीन मेंबरला काय दिसावं, काय नाही? घरट्यांच्या जागा लपवायच्यात, सल्ला हवाय

खंड्या_पुणेकर

नमस्कार मंडळी. आमचा पक्षीनिरीक्षणाचा ग्रुप आहे, आधी व्हॉट्सअॅपवर होता पण तिथे रोजचे गुड मॉर्निंग आणि फुलांच्या फोटोंत कामाची नोंद शोधावी लागायची म्हणून दोन वर्षांपूर्वी डिस्कॉर्डवर हलवला (गप्पांचं अॅप, ग्रुपला तिथे सर्व्हर म्हणतात आणि त्यात विषयवार चॅनल असतात). आता २६० च्या आसपास लोक आहेत, त्यातले बोलणारे तीस-चाळीस.

झालं काय की जानेवारीत आमच्यातल्या एकाला एका जुन्या दगडखाणीत शृंगी घुबडाचं घरटं सापडलं. घरटं म्हणजे काय, कपारीत उघड्या मातीवर अंडी. पोराने हौसेने नोंदींच्या चॅनलवर फोटो टाकला, मागे गावाची पाण्याची टाकी दिसतेय, आणि खाली कोणी विचारलं तर रस्तापण सांगून मोकळा. शनिवारी रात्री एक नवीन आयडी आला, ना हाय ना हॅलो. रविवारी सकाळी खाणीच्या तोंडाशी पाच गाड्या, लांब लेन्सा, एकाने तर फ्लॅश मारला. मादी उठून समोरच्या कड्यावर जाऊन बसली ती दीड तास परत आली नाही. त्याच आयडीने फोडलं असा पुरावा माझ्याकडे नाही, पण तेव्हापासून झोप नीट नाही.

त्यानंतर मी 'नवीन' नावाचा रोल बनवला (रोल म्हणजे माणसाला लावायचा बिल्ला, त्यावरून काय दिसायचं ते ठरतं), बॉट म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम तो आल्या आल्या देतो, आणि त्या रोलला एकेका चॅनलवर बंदी घातली. एकवीस चॅनल, एकवीस वेळा. मागच्या आठवड्यात बॉट रात्रभर झोपला होता, चार जण आले आणि त्यांना सगळं दिसलं. नियम मान्य करायची ती स्क्रीन पण चालू केलीय, तरी दिसतंयच. माझं कुठे चुकतंय?

रात्रपाळीचा_मॉड

उलटं केलंयस रे. तू दार उघडं ठेवलंस आणि अनोळखी माणूस आला की त्याला बाहेर काढायला वॉचमन ठेवलास, वॉचमनला डुलकी लागली की खेळ खलास. दार मुळात बंद ठेव, ओळखीच्याला किल्ली दे.

म्हणजे असं. प्रत्येक माणसाला सर्व्हरवर पाय ठेवताच @एव्हरीवन हा रोल असतोच, तो काढता येत नाही. आतल्या चॅनलची एक कॅटेगरी, म्हणजे गट कर, कॅटेगरीवरच @एव्हरीवनला 'व्ह्यू चॅनल' या चॅनल दिसण्याच्या परवानगीवर लाल फुली मार, आणि 'सभासद' म्हणून रोल करून त्याला हिरवी टिक दे. आत जी चॅनल कॅटेगरीशी सिंक आहेत, म्हणजे तिच्याच परवानग्या घेतात, ती आपोआप तसंच वागतात, एकवीस वेळा करायची गरजच नाही. आता बॉट मेला तर काय होईल, नवीन माणसाला रोल मिळणार नाही, म्हणजे त्याला काही दिसणार नाही. बिघडलं तरी बंदच्या बाजूने बिघडेल.

तुझ्या पद्धतीत अजून एक गोम आहे, तुझ्या लक्षात आली नसेल. एकाच चॅनलवर एका रोलला फुली आणि दुसऱ्याला टिक असेल आणि माणसाकडे दोन्ही रोल असतील तर टिक जिंकते. म्हणजे 'नवीन' असलेल्या माणसाने 'पुणे' किंवा 'कोकण' असा रोल स्वतःहून घेतला आणि त्या रोलला टिक असली की तुझी बंदी गेली पाण्यात. आणि ज्याच्याकडे अॅडमिनिस्ट्रेटर ही परवानगी आहे त्याला फुली-टिक काही लागू नाही, सगळं दिसतं, तेव्हा ते कोणाकोणाला वाटलंयस ते आधी बघ.

नियमांच्या स्क्रीनबद्दल बऱ्याच जणांचा गैरसमज आहे. ती मान्य करेपर्यंत माणूस बोलू शकत नाही, रिअॅक्ट करू शकत नाही, पण बघू शकतो. लपवायला ती नाहीच.

बॉट रोल देत नाहीये असं परत कधी वाटलं तर बॉटचा स्वतःचा रोल रोलच्या यादीत 'सभासद'च्या वर आहे का ते पहिलं बघायचं, निम्म्या वेळा तिथेच असतं.

चष्मेबद्दूर_२

एवढा खटाटोप कशाला, टेलिग्रामवर या. प्रायव्हेट ग्रुपला नवीन मेंबरसाठी चॅट हिस्टरी हिडन करता येते, एक बटण. विषय संपला.

खंड्या_पुणेकर

@चष्मेबद्दूर_२ ते वापरून बघितलंय दादा. जुनं लपतं हे खरं, पण आल्यानंतर जे पडेल ते सगळं त्याला दिसतं. घरटं उद्या सापडलं तर? ग्रुपमध्ये विषयवार टॉपिक पाडले तरी सगळे टॉपिक सगळ्यांनाच दिसतात, हा एवढ्यांनाच असं करता येत नाही. व्हॉट्सअॅपवर परत जायचं तर ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर उघडा, आमच्याकडे मुली बऱ्याच आहेत, त्याच कारणाने दोघी आधी सोडून गेल्या होत्या.

@रात्रपाळीचा_मॉड दादा, तो 'रीड मेसेज हिस्टरी' बंद केला तर नाही का चालणार? चॅनल दिसू दे, जुनं तेवढं नको.

रात्रपाळीचा_मॉड

नको. मी केलंय, पस्तावलोय. ते बंद केलं की माणसाला फक्त त्याचं अॅप चालू असताना आलेले मेसेज दिसतात, अॅप बंद करून उघडलं की तेही गायब. लोक मला डीएम करायचे की आमचे मेसेज कोण डिलीट करतंय. आणि तुझ्या कामाचं तर नाहीच, रविवारी सकाळी ऑनलाइन बसलेल्याला ताजी जागा दिसणारच की.

सुगरण

मी भरतकाम-विणकामाचा सर्व्हर सांभाळते, पक्ष्यांतलं मला चिमणी-कावळ्यापलीकडे कळत नाही (आयडीवरून गैरसमज नको, सुगरण म्हणजे स्वयंपाकातली, आणि तीसुद्धा बरी), पण नवीन माणसांचं कळतं. मॉडदादांनी सांगितलं ते बरोबर, फक्त पूर्ण बंद करू नकोस रे बाळा. आम्ही केलं होतं. आलेल्या बाईला फक्त नियमांचं चॅनल आणि 'थांबा' असा बोर्ड. आम्ही मॉड, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्या, तिघी, तिघींना नोकऱ्या, रोल द्यायला कधी दोन दिवस जायचे, तोवर बाई निघून गेलेली. कोणाच्या घरी गेलो आणि जिन्यातच उभं केलं तर कोण थांबेल?

मग आम्ही ओसरी केली. खरंच तेच नाव दिलंय चॅनलला. तिथे सगळ्यांना दिसतं, सगळ्यांना बोलता येतं, आणि मुख्य म्हणजे जुन्या बायकांना सांगून ठेवलं की दिवसातून एकदा तरी तिथे डोकवायचं. तुझ्या ग्रुपला तर सोपं आहे, 'हा पक्षी कोणता' हे चॅनल ओसरीत ठेव. अंगणातला बुलबुल, गच्चीवरची घार, त्याला काय लपवायचंय. नवीन माणूस तिथे चार फोटो टाकेल, चार प्रश्न विचारेल, तेवढ्यात कळतं कोण कसा आहे ते. फॉर्मपेक्षा त्यानेच जास्त कळतं.

वाट_चुकलेला

थोडं कडवट बोलतो, राग मानू नका. मी अशाच एका ग्रुपवर सहा महिने ओसरीत होतो. आतले लोक बाहेर येऊन 'काल जे दिसलं ना' असं बोलायचे आणि डोळे मारायचे. जागा लपवायच्या आणि मग म्हणायचं नवीन पोरं येत नाहीत. घरटं राखायचं का स्वतःचे फोटो?

खंड्या_पुणेकर

@वाट_चुकलेला राग कसला, आमच्यातही असे दोघं-तिघं आहेत. पण ईबर्ड ही पक्षीनोंदींची वेबसाइटसुद्धा काही संवेदनशील जातींचं नेमकं ठिकाण लोकांना दाखवत नाही, ते काय फोटोसाठी नाही करत. सहा महिने मात्र जास्तच झाले. आमच्याकडे एकदा बरोबर फिरायला आला की सभासद, असं करू म्हणतोय. पुण्याजवळ कवडीच्या बंधाऱ्यावर सकाळी दोन तास, चहा धरून अडीच. आणि घरट्यांचं चॅनल मग सभासदांनाही नाही, त्याला वेगळा रोल, सात-आठ जण.

वाट_चुकलेला

हे चालेल. कधी आहे फेरी?

अमेयसिक्कीमरिटर्न

ऑनबोर्डिंग नावाचं एक फीचर आहे, आल्यावर प्रश्न विचारतं आणि उत्तरावरून रोल देतं. ते का नाही सुचवत कोणी?

रात्रपाळीचा_मॉड

कारण उत्तर तो स्वतःच देणार. 'तू भला माणूस आहेस का' विचारलं तर चोर पण हो म्हणेल. आवडीनिवडीचे रोल वाटायला मस्त आहे ते, कुलूप म्हणून नाही. शिवाय त्याला किमान सात चॅनल @एव्हरीवनला दिसणारी लागतात आणि त्यातल्या पाचांत सगळ्यांना लिहिता आलं पाहिजे, खंड्याच्या सर्व्हरवर ओसरी धरून तेवढी उघडी ठेवायची म्हटलं तर लपवायला उरलं काय.

आणि खंड्या, एक राहिलं, हे महत्त्वाचं. चॅनल लपवलं की मेसेज लपतात, पण चॅनलचं नाव आणि वरची माहितीची ओळ लपतेच असं धरून चालू नको. साध्या अॅपमध्ये दिसत नाही, पण लोक छेडछाड केलेली अॅप वापरतात त्यांत लपवलेल्या चॅनलची नावं दिसू शकतात. तेव्हा 'अमुक-गाव-खाण-घुबड' असं नाव ठेवलं असशील तर आत्ता बदल.

खंड्या_पुणेकर

...बदललं. गावाच्या नावासकट होतं. आता चॅनलचं नाव 'हिशोब' आहे.

खंड्या_पुणेकर

अपडेट. काल रात्री बसून सगळं उलटं केलं, खरंच वीस मिनिटांचं काम होतं. 'व्ह्यू सर्व्हर अॅज रोल' करून बघितलं, छान, वर ओसरीतली तीनच चॅनल दिसली, खालपर्यंत काही बघितलं नाही. तरी खात्री म्हणून आईच्या फोनवर नवीन आयडी काढून आत शिरलो, तर खाली 'शनिवारची बैठक' हे व्हॉइस चॅनल उघडं. ते कॅटेगरीच्या बाहेर पडलं होतं. आणि व्हॉइस चॅनलला स्वतःचा टेक्स्ट चॅट असतो हे मी विसरलेलो, त्यात आमच्या एका काकांनी मीटिंग चालू असताना गूगल मॅपची पिन टाकून ठेवलेली. पिन डिलीट केली, चॅनल आत ओढलं, सिंक केलं. काकांना फोन केला तर म्हणाले, अरे मी तर फक्त बोलत होतो.

@सुगरण ताई, ओसरीत पहिला फोटो आईनेच टाकला, आयडी काढलाच आहे तर म्हणून. आमच्या खिडकीतली सातभाई. आठ जणांनी उत्तर दिलं, आता आई आयडी परत देत नाहीये.

@वाट_चुकलेला येत्या रविवारी, पावणेसातला बंधाऱ्यावर. दुर्बीण नसली तरी चालेल, जास्तीची आणतो.