मदत हवी आहे: तेल मिलीलिटरमधून ग्रॅममध्ये कसं काढायचं?

माझ्याकडच्या सगळ्या कृतींमध्ये तेल मिलीलिटरमध्ये दिलंय आणि मी आता सगळं वजनकाट्यावर मोजते. मापाच्या भांड्याला तेल चिकटून राहतं, दर वेळी थोडं कमीच पडतं, म्हणून काटा बरा वाटतो.

आधी मी पाण्यासारखाच हिशोब धरला होता, १ मिली म्हणजे १ ग्रॅम. ७५० मिलीऐवजी ७५० ग्रॅम ओतलं आणि सगळं तेलकट झालं! मग कळलं की तेल पाण्यापेक्षा हलकं असतं, घनता साधारण ०.९२. म्हणजे ७५० × ०.९२ = ६९० ग्रॅमच हवं होतं. माझ्याकडून जवळजवळ चार मोठे चमचे तेल जास्त पडलं.

आता प्रश्न असा की शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, ऑलिव्ह या सगळ्यांना ०.९२ हाच आकडा चालेल का? घनतेत फरक अगदी थोडा आहे हे दिसतंय, पण एका वेळी ५ लिटर मोजायचं असेल तर तो जाणवेल का?

शिवाय तेल तापलं की पसरतं, त्यामुळे कोमट तेल मापाने घेतलं तर वजन कमी भरणार. तुम्ही तेल मोजताना तापमान बघता का? मोठ्या प्रमाणावर स्वयंपाक करणाऱ्यांनी कृपया नक्की सांगा.