ट्रान्सेक्टवर इव्हनिंग ब्राऊन दिसतच नाही

प्रश्न: सह्याद्रीतल्या ५०० मीटरच्या ट्रान्सेक्टवर (मोजणीसाठी ठरवलेल्या चालायच्या वाटेवर) दर पंधरवड्याला सकाळी १० ला फुलपाखरांची मोजणी होते. पावसाळ्यानंतर कॉमन इव्हनिंग ब्राऊन गायब. संख्या खरंच घटते का?

उत्तर १: वेळ चुकतेय. हे तिन्हीसांजेचं फुलपाखरू, दिवसा पाचोळ्यात दडतं. त्यात कोरड्या ऋतूतल्या पिढीचे पंखांवरचे डोळ्यांसारखे ठिपके पुसट, रंग हुबेहूब वाळक्या पानाचा. पाय पडेपर्यंत उडत नाही!

उत्तर २: सापळा लावा. आमिषाला अतिपिकलेली केळी गुळात दोन दिवस आंबवून. टांगायच्या दोरीला ग्रीस फासा, नाहीतर मुंग्या फुलपाखरंही फस्त करतात. रोज रिकामा करा. पंखावर मार्करचा बारीक ठिपका दिला की तेच फुलपाखरू दोनदा मोजलं जात नाही.

उत्तर ३: सापळ्याचे आकडे ट्रान्सेक्टच्या आकड्यांत मिसळू नका. पावसाळी आणि कोरड्या ऋतूतलं, या दोन्ही रूपांना वेगळे रकाने हवेत. पाऊस सरताना ती एकत्र मिळतात.